शीतगृहातील यंत्राची निगा व बिघाडांचा शोध

छत्रपती संभाजीनगर शहरातील पाणचक्की पाहावयास येणारा प्रवासी भर उन्हाळ्यात हौदाखालच्या दालनात उतरला, म्हणजे क्षणभर थबकतो. बाहेर अंग भाजून निघत असते. आत मात्र सुखद गारवा असतो. दूरच्या झऱ्याचे पाणी नळांनी आणून ते हौदात खेळविले आहे, आणि त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. पाणी उष्णता शोषून घेते व खाली गारवा राहतो. उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेणे, एवढेच थंडावा निर्माण करण्याचे रहस्य आहे, हे जुन्या कारागिरांना चांगले ठाऊक होते.

आज याच जिल्ह्यात व शेजारच्या जालना जिल्ह्यात फळे आणि भाज्या टिकविण्यासाठी लहानमोठी शीतगृहे उभी राहिली आहेत. मराठवाडा केसर आंबा आणि जालन्याची मोसंबी या दोहोंना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या मालाला चांगला भाव हवा असेल, तर तो काढणीपासून बाजारापर्यंत योग्य तापमानात राहिला पाहिजे. केसर आंब्याची काढणी मात्र नेमकी अशा दिवसांत येते, की जेव्हा पारा चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. ज्या दिवशी यंत्रावर सर्वांत अधिक भार असतो त्याच दिवशी ते बंद पडण्याचा संभवही सर्वांत अधिक असतो. एका रात्रीच्या बिघाडाने वर्षाचे कष्ट मातीमोल होतात. म्हणून यंत्राचे काम कसे चालते, त्याची निगा कशी राखावी आणि बिघाड झाल्यास दोष कोठे शोधावा, याची माहिती शीतगृह चालविणाऱ्या प्रत्येक शेतकरी गटास असणे अगत्याचे आहे.

माठ आणि यंत्र

मातीच्या माठातील पाणी गार का होते? माठाच्या सच्छिद्र अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडून जाते व जाताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. शीतयंत्राचे तत्त्वही हेच आहे. फरक एवढाच, की माठातून उडालेले पाणी परत येत नाही. यंत्रातील द्रवाची वाफ मात्र पुन्हा पकडून तिचा द्रव केला जातो आणि तोच द्रव अखंड फिरत राहतो. या द्रवास व्यवहारात ‘गॅस’ असे म्हणतात.

यंत्राचे मुख्य भाग चार. खोलीच्या आत असलेल्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होते आणि ती खोलीतील उष्णता शोषून घेते. ही वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो व दाबतो. दाबल्याने ती तापते. तापलेली वाफ बाहेरच्या कंडेन्सरमध्ये जाते; तेथे पंख्याच्या वाऱ्याने तिच्यातील उष्णता बाहेरच्या हवेत टाकली जाते व वाफेचा पुन्हा द्रव होतो. हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्ह या अरुंद झडपेतून कमी दाबाच्या कॉइलमध्ये सोडला जातो व चक्र पूर्ण होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. विहिरीवरील मोटारीच्या पेटीत जे वीज साठविणारे साधन बसवितात, त्यासही आपल्याकडे ‘कंडेन्सर’ म्हणण्याचा प्रघात आहे. शीतयंत्राचा कंडेन्सर ही त्याहून सर्वस्वी निराळी वस्तू आहे. ही तांब्याच्या नळ्यांची व ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते. कारागिराशी बोलताना हा भेद ध्यानात ठेवल्यास पुष्कळ गोंधळ टळतो.

यंत्राचा दोष की भाराचा?

‘यंत्र चालते, पण खोली गार होत नाही,’ ही नेहमीची तक्रार होय. अशा वेळी यंत्राला दोष देण्यापूर्वी त्यावर किती भार टाकला आहे, हे पाहावे. समजा, एखाद्या गटाने ५ टन आंबा दुपारी ३५ अंशांवर असताना खोलीत भरला आणि तो १३ अंशांपर्यंत उतरवावयाचा आहे. एक किलो आंबा एक अंशाने गार करण्यास सुमारे ३.७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. यावरून एकूण सुमारे ४ लाख ७ हजार किलोज्यूल उष्णता बाहेर टाकावी लागेल. हे काम ८ तासांत व्हावयाचे असेल, तर केवळ फळांतील उष्णतेसाठी सुमारे ४ टन क्षमतेचे यंत्र लागते. येथे ‘टन’ म्हणजे वजन नव्हे, ३.५ किलोवॉट वेगाने उष्णता काढण्याची ती शक्ती होय. भिंतींतून येणारी, दार उघडल्याने शिरणारी व फळांच्या श्वसनातून निघणारी उष्णता यात अजून धरलेलीच नाही.

तोच आंबा पहाटे तोडून, सावलीत ठेवून, २५ अंशांवर असताना आत नेला, तर सुमारे २ लाख २२ हजार किलोज्यूल उष्णताच काढावी लागते, म्हणजे भार जवळजवळ निम्म्यावर येतो. यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. फक्त तोडणीची वेळ बदलावी लागते. दोन टनांच्या यंत्राकडून चार टनांचे काम अपेक्षिणे म्हणजे एका बैलाला दोन बैलांचा नांगर जुंपण्यासारखे आहे.

नित्याची निगा

शीतगृहात एक नोंदवही ठेवावी. दर दोन तासांनी खोलीचे तापमान, बाहेरचे तापमान, विजेचा दाब व यंत्र चालू आहे की बंद, एवढ्या चार गोष्टी तीत लिहाव्यात. बिघाड अचानक होत नाही. तो आठ-दहा दिवस आधी नोंदवहीत दिसू लागतो. पूर्वी सहा तासांत गार होणाऱ्या खोलीस आता नऊ तास लागू लागले, तर कोठेतरी काही अडले आहे असे समजावे.

तापमापक खरे तापमान दाखवितो की नाही, हे महिन्यातून एकदा पडताळून पाहावे. बर्फाचा चुरा करून त्यात थोडे स्वच्छ पाणी घालावे, नीट ढवळावे व त्यात तापमापकाचे टोक बुडवावे. काही मिनिटांत शून्य अंश दिसले पाहिजे. जितका फरक दिसेल तितका लिहून ठेवावा. खोलीत एकाहून अधिक ठिकाणी तापमापक असणे उत्तम.

कंडेन्सरची स्वच्छता हा निगेचा गाभा होय. मराठवाड्यातील उन्हाळ्यात धूळ फार. त्यातच खळ्यावरील भुसा व कापसाचे तंतू उडतात आणि ते जाळीत अडकून गोधडीसारखा थर तयार होतो. मग उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, दाब वाढतो व कॉम्प्रेसर अधिक वीज खातो. कंडेन्सरमधील तापमान एका अंशाने वाढले, तर विजेचा खर्च साधारणतः दोन ते तीन टक्क्यांनी वाढतो. हंगामात दर आठवड्यास मुख्य स्वीच बंद करून मऊ ब्रशाने जाळी झाडावी. वारा ज्या दिशेने आत शिरतो, त्याच्या उलट दिशेने, म्हणजे आतून बाहेर, कमी दाबाचे पाणी सोडावे. जोराच्या फवाऱ्याने पट्ट्या वाकतात व वाट आणखी बंद होते.

उन्हाळ्यात कंडेन्सरवर सतत बोअरचे पाणी शिंपडण्याची काही ठिकाणी सवय आहे. तात्पुरता उतार पडतो हे खरे. पण बोअरच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांवर पांढऱ्या पुटाच्या रूपाने बसतात आणि पुढे तेच पुट उष्णता अडविते. त्यापेक्षा कंडेन्सरवर उंच व चहूबाजूंनी मोकळी सावली करावी. पत्र्याच्या बंदिस्त खोलीत कंडेन्सर ठेवणे सर्वथा चुकीचे आहे. कारण त्याने टाकलेली गरम हवाच तो पुन्हा ओढून घेतो.

दाराच्या रबरी पट्टीची परीक्षा कागदाने करावी. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे व कागद ओढून पाहावा. तो सहज निघून आला, तर त्या जागी फट आहे. दारास पारदर्शक पट्ट्यांचा पडदा असावा. क्रेट भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीवर लाकडी चौकटीवर व छतापासून पुरेसे खाली रचावेत. कॉइलच्या पंख्यासमोर मालाची भिंत उभारल्यास वारा अडतो आणि मागचा माल गरमच राहतो.

बिघाडांचा शोध

बिघाड शोधताना साध्याकडून कठीणाकडे जावे. आधी वीज, मग हवा, मग पाणी व बर्फ, आणि सर्वांत शेवटी गॅस, हा क्रम पाळावा. पुष्कळदा याच्या उलट केले जाते. कारागीर येतो तो गॅसच्या टाकीसह आणि मूळ दोष तसाच राहतो.

यंत्र चालूच होत नसेल, तर तिन्ही फेज येत आहेत की नाही, हे प्रथम पाहावे. तीनपैकी एक फेज गेली असता मोटार घुमते, तापते आणि थोड्याच वेळात जळते. विहिरीच्या मोटारी दोन फेजवर चालविण्याची युक्ती पुष्कळ शेतकरी करतात; ती येथे मुळीच करू नये. फेज गेल्यास यंत्र आपोआप बंद करणारे संरक्षक साधन शीतगृहात असलेच पाहिजे. तसेच वीज परत येताच मोटार सुरू करणारा ऑटो स्विच विलंबाची सोय केल्याशिवाय लावू नये. कॉम्प्रेसर थांबल्यावर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होण्यास तीन ते पाच मिनिटे लागतात. तत्पूर्वी तो सुरू केल्यास मोटारीवर असह्य ताण येतो.

यंत्र वारंवार चालू-बंद होत असेल, तर दाबाचे संरक्षक स्वीच काम करीत आहेत असे समजावे. वरचा दाब वाढून यंत्र बंद पडत असेल, तर कंडेन्सर घाण आहे, त्याचा पंखा बंद आहे किंवा गरम हवा अडली आहे, हीच कारणे बहुधा सापडतात. खालचा दाब घसरून बंद पडत असेल, तर आतला पंखा बंद असणे, कॉइल बर्फाने झाकणे, गाळणी तुंबणे अथवा गॅस कमी असणे, यांपैकी काहीतरी असते. या स्वीचचे बटण दाबून यंत्र पुन्हापुन्हा सुरू करणे म्हणजे आग लागल्याची सूचना देणारी घंटा फोडून टाकण्यासारखे आहे. एकदा दाबावे, पुन्हा बंद पडल्यास कारण शोधावे.

कॉइलवर बर्फ दिसला, तर खोली कोणत्या मालासाठी चालविली आहे, हे पाहावे. शून्य अंशाजवळ चालणाऱ्या खोलीत थोडे हीव जमणारच. तेथे ते वितळविण्याची व्यवस्था नीट चालते की नाही व पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली नाही ना, हे तपासावे. परंतु आंब्याच्या १२ ते १३ अंशांच्या खोलीत कॉइलवर बर्फ जमणे हेच मुळी दोषाचे लक्षण होय. कारण तेथे कॉइल शून्याखाली जाण्याचे कारण नाही. वारा कमी पडतो आहे, तापमान फार खाली लावले आहे किंवा गॅस गळला आहे. हा बर्फ कोयत्याने अथवा पेचकसाने कधीही खरवडू नये. नळीस एक भोक पडले, की सर्व गॅस उडून जातो. कॉम्प्रेसर बंद ठेवून केवळ आतला पंखा चालू द्यावा. बर्फ आपोआप वितळतो.

गाळणीची परीक्षाही सोपी आहे. गाळणीच्या दोन्ही टोकांना हात लावून पाहावा. द्रव जाताना दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या कोमट असाव्यात. बाहेर पडणारे टोक स्पष्टपणे गार असेल किंवा त्यावर दव धरले असेल, तर गाळणी तुंबली आहे. अशा वेळी काचेच्या खिडकीत बुडबुडे दिसतात आणि घाईत ‘गॅस कमी आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. त्यावर गॅस भरला तर दोष जात नाही, उलट वाढतो.

कधी कधी यंत्र बिनतक्रार चालते, पण माल बिघडतो. साठविलेले फळ सुरकुतले, तर हवा फार कोरडी झाली आहे. आंब्याच्या खोलीत ८५ ते ९० टक्के आर्द्रता हवी. कॉइल खोलीच्या मानाने फार थंड असेल, तर ती हवेतील ओल शोषून घेते. याउलट आंब्याच्या सालीवर काळपट डाग पडले व बाहेर काढल्यावर तो नीट पिकला नाही, तर त्यास थंडी बाधली आहे. ‘जितके गार तितके चांगले’ हा समज येथे घातक ठरतो. मोसंबीस ६ ते ८ अंश मानवतात. त्या तापमानात केसर ठेवला तर तो बिघडतो. आले हेही आंब्याप्रमाणे १२ ते १३ अंशांवर ठेवावे. म्हणून भिन्न गरजांचा माल एका खोलीत भरू नये. थंडी बाधलेले फळ पुन्हा सुधारत नाही. त्या नुकसानीस यंत्र नव्हे, तर नियंत्रकावरील चुकीचा आकडा जबाबदार असतो.

गॅस संपत नाही, गळतो

माठातील पाणी रोज भरावे लागते. यंत्रातील गॅस मात्र बंदिस्त असतो व वापरल्याने तो झिजत नाही. ‘दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो,’ असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. गॅस कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. सांध्यांवर तेलाचा चिकट डाग दिसतो का, हे पाहावे. गॅसबरोबर तेलही बाहेर येते. संशयित सांध्यावर साबणाचा फेस लावल्यास बुडबुडे दिसतात. दुरुस्तीची योग्य रीत अशी: गळती बुजवावी, नायट्रोजन भरून दाब टिकतो की नाही हे पाहावे, निर्वात पंपाने आतली हवा व ओल काढून टाकावी, नवी गाळणी बसवावी व यंत्रावरील पाटीवर लिहिलेला गॅस तितक्याच वजनाने भरावा. दाबाच्या परीक्षेसाठी ऑक्सिजन कदापि वापरू नये. तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो.

पाटीवर आर-२२, आर-१३४ए किंवा आर-४०४ए असे जे नाव असेल, तोच गॅस भरावा. निरनिराळे गॅस एकत्र मिसळू नयेत. जुना गॅस हवेत सोडून देणेही योग्य नव्हे. ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ साली मॉन्ट्रियल येथे करार झाला. त्यानुसार जुने क्लोरोफ्लुरोकार्बन वायू भारतात २०१० पासून बाद झाले आणि आर-२२ ही टप्प्याटप्प्याने बाद होत आहे. वातावरण तापविणाऱ्या वायूंवर मर्यादा घालणाऱ्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ साली मान्यता दिली. नवे यंत्र घेताना त्यात कोणता गॅस आहे व तो पुढील वर्षांत सहज मिळेल काय, हे विचारून घ्यावे.

जिवाची काळजी प्रथम

पेटीतील विजेची जोडणी, गॅसची भरणी व कॉम्प्रेसर उघडणे ही कामे शिकलेल्या कारागिराकडूनच करवून घ्यावीत. स्वच्छतेपूर्वी मुख्य स्वीच बंद करून तेथे ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी. खोलीचे दार आतून उघडता येईल अशी कडी असावी व ती रोज तपासावी. फळे श्वसन करतात, त्यामुळे बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणून नियमाने ताजी हवा आत घ्यावी आणि पुष्कळ दिवस बंद असलेल्या खोलीत एकट्याने शिरू नये. मोठ्या शीतगृहांतून अमोनिया वापरतात. त्याचा उग्र वास येताच काम सोडून वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जावे व इतरांस सावध करावे. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे व तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. गळती थांबविण्यासाठी संरक्षक पोशाखाविना कोणीही आत जाऊ नये.

वीज गेल्यास

वीज गेली तर दार उघडून ‘माल कसा आहे’ हे पाहण्याचा मोह टाळावा. भिंती चांगल्या असतील आणि माल आधीच गार झालेला असेल, तर बंद खोली काही तास तग धरते. दर वेळी उघडलेले दार त्यातील वेळ खाते. नुकता भरलेला गरम माल मात्र थांबत नाही, म्हणून पर्यायी जनित्र हवेच. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो, हे जनित्र निवडताना लक्षात घ्यावे. थोड्या मालासाठी विटा व ओली वाळू यांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी पडतो. कोरड्या उन्हाळी हवेत तो माठाच्याच तत्त्वावर चांगला गारवा देतो. पावसाळी दमट हवेत मात्र त्याचा गुण कमी होतो.

हंगामापूर्वी, म्हणजे मार्चअखेर, रिकामे यंत्र एक पूर्ण दिवस चालवून पाहावे. कंडेन्सर धुतलेला, दाराची पट्टी घट्ट, पंख्यांचा आवाज सरळ, संरक्षक साधने चालू व तापमापक पडताळलेला असावा. दोष सापडला, तर त्या वेळी कारागीर मिळतो, सुटा भाग मिळतो आणि नुकसान होत नाही. मे महिन्यात, आंब्याने भरलेल्या खोलीसमोर उभे राहून शोध घेऊ लागल्यास यांपैकी काहीच हाताशी नसते. बैलाची, विहिरीची व अवजारांची निगा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या राखीत आला आहे. शीतयंत्र हेही आता त्याच्या अवजारांपैकीच एक झाले आहे. त्यास धुळीपासून स्वच्छ ठेवणे, त्याच्या शक्तीपलीकडे भार न टाकणे व त्याची रोजची नोंद ठेवणे, एवढे केले तरी निम्म्याहून अधिक बिघाड उद्भवणारच नाहीत आणि झाडावरून उतरलेले फळ ग्राहकाच्या हाती जाईपर्यंत आपला दर्जा राखील.